फळांच्या थरांचे दही

दही आणि फळ यांचा संबंध आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. गोकुळाष्टमीनंतरच्या गोपाळकाल्यात दही, पोहे, ज्वारीच्या लाह्या, डाळिंबाचे दाणे आणि पेरूच्या फोडी एकत्र येतात, आणि तो काला हातावर पडताच लहानथोर सारखेच आनंदित होतात. अलीकडे शहरांतील उपाहारगृहांत उंच काचेच्या पेल्यामध्ये दही, फळे आणि भाजलेले धान्य यांचे एकावर एक थर देऊन एक खाद्यपदार्थ मिळू लागला आहे. त्याला ‘पार्फे’ असे फ्रेंच नाव आहे. या शब्दाचा अर्थ ‘परिपूर्ण’ असा होतो. मूळचा फ्रेंच पार्फे म्हणजे साय, साखर व अंडी यांचे गोठविलेले पक्वान्न. पुढे अमेरिकेत ते नाव पेल्यातील थरांच्या पदार्थास मिळाले आणि तेथून ते आपल्याकडे आले. नाव दूरचे असले तरी त्यातील एकही जिन्नस आपणास अपरिचित नाही. बेळगाव-निपाणीच्या परिसरात तो घरच्या घरी, थोड्या खर्चात आणि अधिक चांगला कसा करता येईल, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम या प्रकाराच्या पूर्वजांकडे पाहू. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या भागात दह्यातील पाणी काढून त्यात साखर मिसळून करावयाच्या शिखरिणीचा उल्लेख आहे. आजच्या श्रीखंडाचे मूळ तेथे दिसते. हीच शिखरिणी दोन भाषांत दोन रूपांनी नांदते, हे सीमाभागातील माणसाला विशेष जवळचे वाटेल. मराठी घरात केळ्याचे ‘शिकरण’ होते, आणि त्याच गल्लीतील कन्नड घरात आंब्याची ‘शीकरणी’ होते. एक घर दही म्हणते, दुसरे ‘मोसरू’ म्हणते. परंतु विरजण संपले म्हणजे वाटी या दारातून त्या दारात जाते, आणि ते विरजण कोणत्या भाषेतले, असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

युरोपात फळ आणि दही यांची गाठ बरीच उशिरा पडली. १९०५ साली स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकशास्त्रज्ञाने तेथील दह्यातील जीवाणूंचा शोध लावला, आणि मेचनिकॉव्ह या थोर शास्त्रज्ञाने दह्याच्या आरोग्यदायी गुणांचा पुरस्कार केला. त्यानंतर तिकडे दही औषधासारखे विकले जाऊ लागले. परंतु त्याचा आंबटपणा लोकांना रुचेना. १९३३ साली प्राग येथील एका दुग्धालयाने दह्यात फळांचा मुरंबा घालण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. तात्पर्य, आंबट दह्याला फळांची सोबत द्यावी ही युक्ती तिकडे शंभर वर्षांचीही नाही. आपल्याकडे ती काल्याइतकी जुनी आहे.

आता या पदार्थाकडे आजच आवर्जून लक्ष का द्यावे, हे सांगितले पाहिजे. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या गावांत पहाटे आणि सायंकाळी दुधाच्या किटल्या संकलन केंद्राकडे जाताना दिसतात. कोल्हापूरकडील गोकुळ व वारणा आणि कर्नाटकातील नंदिनी ही नावे या भागात घरोघरी ठाऊक आहेत. दुधाच्या पैशावर अनेक कुटुंबांचा आठवड्याचा बाजार चालतो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पुष्कळदा असे घडते, की गोठ्यात म्हैस असलेल्या घरातील मुलाच्या वाट्याला दूध येते ते चहापुरतेच. दुपारी चार-साडेचार वाजता ते भुकेले मूल शाळेतून परतते, आणि त्याच्या हाती खारी, बिस्किटे किंवा रंगीत पुडीतील तळलेला पदार्थ पडतो. त्याने पोट भरल्यासारखे वाटते. पण वाढत्या अंगाला लागणारी प्रथिने आणि चुना त्यातून फारसा मिळत नाही. दररोज किटलीतील अर्धा लिटर दूध घरासाठी राखून ठेवले, तर या चार वाजताच्या भुकेचा प्रश्न बराचसा सुटेल. दही लावण्याचे काम आदल्या रात्री होते. त्यामुळे आई शेतावर किंवा कामावर गेली असली तरी मोठे भावंड धाकट्याला पेला भरून देऊ शकते.

काला आणि थर यांतील भेद नीट ध्यानी घेतला, की पुढील सारी कृती आपोआप समजते. काला म्हणजे कालविणे. त्यात सर्व जिन्नस एकमेकांत मिसळावे, पोहे दह्याने मऊ व्हावे, हाच हेतू असतो. थरांच्या दह्यात याच्या उलट हेतू असतो. फळ रसाळ राहिले पाहिजे, दही घट्ट राहिले पाहिजे आणि लाही कुरकुरीत राहिली पाहिजे. थर केवळ शोभेसाठी नसतात. प्रत्येक थराने दुसऱ्याचे रक्षण करावयाचे असते. बिघाड होतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. फळाचे पाणी दह्यात उतरते, दह्याचे पाणी लाह्यांत शिरते आणि घटकाभरात सगळ्याचा लगदा होतो. म्हणून पाणी कोठून येते आणि ते कसे आवरावे, इतके कळले म्हणजे निम्मे काम झाले.

पाण्याचा पहिला उगम म्हणजे दही. चांगले दही लावण्यासाठी दूध नुसते ऊन करून भागत नाही. ते उकळून मंद आचेवर पाच-दहा मिनिटे ठेवावे. याची कारणे दोन. एक, कच्च्या दुधातील रोगजंतूंचा नाश होतो. दुसरे, उष्णतेमुळे दुधाच्या पाण्यात विरघळलेली प्रथिने केसीन या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दह्याची वीण घट्ट बसून ते कमी पाणी सोडते. नंतर दूध निववून करंगळीला सोसेल इतके कोमट, म्हणजे सुमारे ४० अंश सेल्सियस असताना एक लिटर दुधास एक ते दोन चहाचे चमचे विरजण सर्वत्र सारखे मिसळावे. विरजणातील जीवाणू दुधातील साखरेचे दुग्धाम्लात रूपांतर करतात आणि त्या आम्लाने केसीन साकळते. दूध फार कढत असेल तर जीवाणू मरतात. फार गार असेल तर ते सुस्तावतात. विरजण जास्त घातले म्हणजे दही लवकर लागेल, हा समज मात्र फसवा आहे. तसे केल्यास दही भराभर आंबते आणि पाणीही सोडते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथील मार्गशीर्ष-पौषातील रात्री आणि श्रावणातील झडीचे दिवस दह्याला मानवत नाहीत. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागणारे दही थंडीत दहा-बारा तास घेते. अशा वेळी भांडे जाड कापडात गुंडाळून धान्याच्या डब्यात किंवा झाकलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवावे, आणि दही लागेपर्यंत ते हलवू नये. थरांसाठी आंबट दही घेऊ नये. नुकते लागलेले, किंचित गोडसर असे अदमुरे दही उत्तम.

म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के, तर गाईच्या दुधात साधारण साडेतीन ते चार टक्के असतो. म्हणून म्हशीच्या दुधाचे दही मुळातच घट्ट होते. तरीही ते थोडे टांगावे लागते. स्वच्छ पंचा किंवा मलमलीचे फडके उकळत्या पाण्यातून काढून त्यात दही बांधावे आणि दोन-तीन तास खुंटीला टांगावे. उन्हाळा असेल तर ते चाळणीत ठेवून चाळणी शीतकपाटात ठेवावी. श्रीखंडासाठी करतो तसा पुरा कोरडा चक्का येथे नको. एक लिटर दुधाच्या दह्याचे सुमारे अर्धा किलो राहिले म्हणजे पुरे. चमच्यावर ते थबकावे, पण फुटू नये. निघालेली निवळी ओतून देऊ नये. भाकरीचे किंवा पोळीचे पीठ भिजविण्यास आणि कढीत घालण्यास ती उत्तम असते.

भांड्याविषयी दोन शब्द. खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली असून तेथे खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही आहे. बिनलुकणाच्या मातीच्या भांड्यात दही लावले, तर त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून काही पाणी शोषले जाते आणि बाष्पीभवनाने भांडे गार राहते. अशा दह्याला टांगण्याची गरज थोडीच उरते. मात्र अशी भांडी रोज कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळविली पाहिजेत. रंगीत चकचकीत लुकण दिलेली शोभेची भांडी दह्यासाठी वापरू नयेत, कारण काही लुकणांत शिसे असते आणि दह्याच्या आम्लात ते उतरू शकते. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात दही कळकते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील यांचे भांडे निर्धोक होय.

पाण्याचा दुसरा उगम म्हणजे फळ. फळाच्या फोडींवर साखर घालून ठेवली की ती पेशींतील पाणी बाहेर ओढून घेते आणि वाटीत रस साचतो. म्हणून कच्च्या फोडींवर आधी साखर पेरू नये. कलिंगडासारखे जलमय फळ थरांत घालू नये. ते नुसतेच खावे. डाळिंब सर्वांत उपयोगी, कारण त्याचा प्रत्येक दाणा आपल्या पापुद्र्यात बंद असतो आणि दाताखाली फुटेपर्यंत रस सोडीत नाही. घट्ट हापूस आंबा, बिया काढलेला पेरू, चिकू, सफरचंद आणि कापा फणसाचे गरे हीही चांगली. केळे चिरताच काळे पडू लागते. त्याच्या चकत्यांना लिंबाचे चार थेंब चोळावेत किंवा त्या लगेच दह्याखाली झाकून टाकाव्यात.

काही फळांच्या बाबतीत निराळी सावधगिरी हवी. अननस, पपई आणि अंजीर यांच्या ताज्या गरात प्रथिने विरघळविणारी पाचक द्रव्ये असतात. कच्च्या पपईचा तुकडा घातला की मांस लवकर शिजते, ते याच गुणामुळे; पिकलेल्या पपईत हे द्रव्य कमी असते, पण अगदी नसते असे नाही. ही फळे कच्ची दह्यात घालून ठेवली तर दही सैल पडते आणि काही तासांनी कडवट लागते. पुष्कळ गृहिणी अशा वेळी दह्याला किंवा दूधवाल्याला बोल लावतात. पण दोष त्या दोघांचाही नसतो. उपाय सोपा आहे. अननसाच्या बारीक फोडी थोड्या साखरेत सात-आठ मिनिटे शिजवून गार कराव्यात, म्हणजे ते द्रव्य उष्णतेने निकामी होते. पपई व अंजीर अगदी खाण्याच्या वेळी घालावीत. सीताफळाचे याच्या उलट आहे. ते तापविले तर कडवट होते. म्हणून बिया काढून त्याचा गर तसाच वापरावा.

वैशाख महिन्यात खानापूर-चंदगडकडील रानातून करवंदे आणि पुढे जांभळे बाजारात येतात. पिकलेली करवंदे थोड्या पाण्यात शिजवून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढावीत आणि चवीपुरता गूळ घालून आटवावीत. गर्द जांभळ्या रंगाचा हा दाट गर पेल्याच्या तळाशी घातला, तर परदेशी बेरीच्या मुरंब्याची आठवणही होणार नाही. चोखून खाण्याच्या रायवळ आंब्याचा रसही असाच आटवून वापरता येतो. पडलेला, डागाळलेला, विकला न जाणारा पुष्कळ आंबा आपल्याकडे वाया जातो. त्यातील चांगला भाग काढून घेतल्यास त्याचे असे सोने होते.

आता तिसरा थर, कुरकुरीत धान्याचा. परदेशात यासाठी ओट्स भाजून मधात घोळवितात. आपल्याकडे नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या आहेत, राजगिऱ्याच्या लाह्या आहेत, चिरमुरे आहेत आणि गुळाच्या बाबतीत तर कोल्हापूर शेजारीच आहे. एक वाटी जाड पोहे मंद आचेवर कोरडेच कुरकुरीत भाजावेत. पाव वाटी शेंगदाणे भाजून भरड कुटावेत. एक मोठा चमचा तीळ परतून घ्यावेत. चंदगड भागातले काजू घरात असतील तर त्यांचे तुकडेही घालावेत. कढईत एक चमचा तूप आणि ४० ग्रॅम चिरलेला गूळ घालून तो विरघळून फसफसताच भाजलेले सर्व जिन्नस त्यात घालावेत आणि भराभर कालवून ताटात पसरावेत. गार झाल्यावर हाताने मोकळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. गुळाचे हे पातळ आवरण थोडा वेळ ओल थोपवून धरते. तरी पावसाळ्यात आपल्या हवेत लाही लवकर सादळते. तेव्हा डबा वारंवार उघडू नये, आणि सादळलेच तर जिन्नस पुन्हा मंद आचेवर गरम करून गार होऊ द्यावेत.

सर्व सिद्धता झाल्यावर पेले भरण्यास पाच मिनिटे पुरतात. वरील अर्धा किलो दह्याचे चार पेले होतात. दही प्रथम रवीने किंवा चमच्याने घोटून एकजीव करावे. त्यात वेलदोड्याची पूड किंवा किंचित जायफळ घालावे. पेल्याच्या तळाशी शिजविलेल्या फळाचा गर दोन चमचे घालावा, कारण तो जड आणि ओला असतो. त्यावर दह्याचा जाड थर द्यावा. त्यावर ताज्या फळाच्या फोडी, पुन्हा दही आणि वर डाळिंबाचे दाणे. धान्याचे मिश्रण दोन मोठे चमचे, तेही खाण्याच्या क्षणी वरून घालावे. पाहुणे यावयाचे असतील तर दही व फळे यांचे पेले तासभर आधी भरून गार ठेवावेत. मिश्रणाचा डबा मात्र पाटावर बसल्यावरच उघडावा.

उपवासाच्या दिवशी यात थोडा बदल करावा. बेळगाव परिसरातील तांबड्या मातीत रताळी चांगली पिकतात. रताळे उकडून त्याच्या बारीक फोडी तुपावर परताव्यात आणि फळाच्या जागी घालाव्यात. पोह्यांऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या घ्याव्यात. साबुदाण्याच्या खिचडीने जड झालेल्या एकादशीला हा पेला सुखावह वाटेल.

गोडीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या घरी श्रीखंड करताना पुष्कळदा चक्क्याइतकीच साखर घालतात. म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत जवळजवळ अर्धी साखरच असते. सणावारी ते शोभते, पण रोजच्या खाऊला ते प्रमाण चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांपर्यंत आणता आली तर अधिक चांगले. प्रौढ माणसासाठी हे पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, आणि त्यात गूळ व मधही धरावयाचे असतात. आपल्या पेल्यात धान्याच्या मिश्रणातून येणारा गूळ दहा ग्रॅमहून कमी भरतो, आणि बाकीची गोडी फळाची असते. बाजारातील तयार फळयुक्त दही घेताना वेष्टनावरील साखरेचा आकडा वाचण्याची सवय ठेवावी. मधुमेह असणाऱ्यांनी गूळ वगळून नुसत्या भाजलेल्या लाह्या घ्याव्यात, आणि आंबा, केळे, चिकू यांऐवजी पेरू किंवा थोडे डाळिंब घ्यावे. ज्यांना दूध पचत नाही अशा पुष्कळांना दही सोसते, कारण दुधातील साखरेचा काही भाग जीवाणूंनी आधीच खर्च केलेला असतो.

शेवटी काही पथ्ये. फळे चिरण्यापूर्वी धुवावीत. साल काढावयाची असली तरी धुवावीत, कारण सालीवरील घाण सुरीबरोबर आत जाते. भरलेला पेला उन्हाळ्यात तासाभराहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. शीतकपाटात दही पाच अंशांखाली तीन-चार दिवस चांगले राहते, परंतु चिरलेल्या फळांसह ते त्याच दिवशी संपवावे. थंडीने आंबणे मंदावते, थांबत नाही. दह्यावर बुरशीचा ठिपका दिसल्यास वरचा थर काढून उरलेले वापरण्याचा मोह धरू नये. सगळेच टाकून द्यावे. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे सकाळी लागलेले दही ओल्या फडक्याने वेढलेल्या मडक्यात ठेवून दुपारी संपवावे, पेले खाण्याच्या वेळीच भरावेत आणि शिल्लक ठेवू नये. पाच वर्षांखालील मुलांना अख्खी द्राक्षे व अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकण्याचे भय असते. द्राक्षे उभी चिरावीत आणि शेंगदाण्याचे कूट करावे.

या कृतीत महागडे किंवा दुर्मिळ असे काही नाही. माघात द्राक्षे व पेरू, चैत्र-वैशाखात आंबा, फणस व करवंदे, पावसाळ्यात केळी व डाळिंबे, आश्विनात सीताफळे, असा ऋतू पेल्यात पालटत राहतो आणि दही तेच असते. आज रात्री किटली संकलन केंद्राकडे जाण्यापूर्वी अर्धा लिटर दूध बाजूला काढून विरजावे. उद्या दुपारी दप्तर कोनाड्यात टाकून मूल ‘काही खायला आहे का’ असे विचारील, तेव्हा त्याला देण्यासारखे काही घरात असेल.